नामाचा कडू घास

“नाव काठाला लागली. नावेत वल्हं होतं, ओला दोर होता. नामा नव्हता.”

एवढं वाचलं आणि माझा आवाज गेला. घशात काही अडकलं असेल म्हणून मी खाकरले आणि पुन्हा तीच ओळ घेतली, तर पहिल्या शब्दालाच डोळ्यांतून पाणी आलं. पदर लावला, तरी थांबेना.

आमची शाळा एका खोलीची. चार वर्ग, मास्तरीण एकच. पण त्या घटकेला पहिलीची पोरंसुद्धा पाटीवरची पेन्सिल तशीच धरून माझ्याकडे बघत बसली होती.

“बाई,” चौथीतला प्रल्हाद हळूच म्हणाला, “दुसऱ्या घाटाले लागला असंन नामा.”

“हो न बाई,” देवका म्हणाली. “अंधारात दिसला नसंन.”

मी मान हलवली आणि उरलेलं कसंबसं वाचून काढलं. नामाची बहीण सारजा काठावर बसून राहते. त्याच्यासाठी आणलेली भाकर तिच्या मांडीवर असते. नामानं दिवसभर पुरातून ज्यांना ज्यांना अलीकडे आणलं, ती माणसं एकेक करून येतात आणि तिच्या मागे बसतात. कोणी काही बोलत नाही. तिथेच पुस्तक संपतं.

“पुढं?” प्रल्हादनं विचारलं.

“पुढं नाही रे. संपलं.”

“असं कसं संपलं?”

मी हातातली पानं त्याला दाखवली. मागे काही नव्हतं. मग देवका मोठ्यानं रडायला लागली, आणि तिचं बघून सगळी शाळा. घंटा द्यायचीही राहून गेली. पोरं दप्तरं उचलून गेली ती नेहमीसारखी ओरडत गेली नाहीत, एकामागून एक, खाली बघत गेली.

ही फार जुनी गोष्ट आहे. वऱ्हाडातल्या पिंपळशेंडा नावाच्या गावात मी तेव्हा शिकवत होते आणि शाळेमागच्याच खोलीत एकटी राहत होते. कुण्या भल्या माणसानं शाळेला जुन्या पुस्तकांची एक पेटी दिली होती, तिच्यात ही कादंबरी सापडली. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानं गेलेली. नाव कळलं नाही, लिहिणाऱ्याचंही नाही. शिवण उसवून शेवटची पानं सुटी झाली होती. मी रोज शेवटच्या तासाला थोडं थोडं वाचून दाखवायची. नामा नावाडी आणि त्याची बहीण सारजा, दोघंच घरात. सगळा हिवाळा पोरं त्या दोघांच्या संगतीत होती. पाऊस नसताना, मार्गशीर्षाच्या थंडीत, ‘पूर उतरला का बाई?’ असं विचारत वर्गात यायची. मीही ‘आपला नामा आज काय करतो बघू’ असं म्हणूनच पुस्तक उघडायची. वाचन नंतर फार लांबलं, कारण मध्ये मध्ये माझ्यानं वाचणं होत नव्हतं.

त्या हिवाळ्यात मी फार थकले होते. दर शनिवारी दुपारची एसटी धरून कारंज्याला जायचं आणि रविवारी संध्याकाळी परत यायचं. पौषानंतर ते जाणं संपलं, पण थकवा उतरला नाही. सकाळी फळ्यावर तारीख लिहिताना हात जड व्हायचा. पोरांवर मी कधी चिडत नसे, तेव्हाही चिडले नाही. पण एखादं पोरगं उत्तर बरोबर द्यायचं आणि मला शाबास म्हणायचं सुचायचं नाही. ते उभंच राहायचं बिचारं.

तशाही दिवसांत एक काम मी नेटानं केलं होतं. गुंफाला शाळेत परत आणलं होतं.

गुंफा चौथीतली. कापूस वेचायला आईबरोबर गेली ती दिवाळीनंतर आलीच नाही. हुशार पोर. गणित तिला जमायचं नाही, पण एखादी गोष्ट सांग म्हटलं तर सगळ्या वर्गाचे कान टवकारायचे. मी तिच्या घरी गेले तेव्हा तिची आई पंचफुला अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती.

“बसा न बाई,” ती म्हणाली, पण हात थांबवले नाहीत. “मले मालूम हाये तुम्ही कायले आल्या.”

“मग पाठवतेस ना?”

“काय कराले? शाळेतून काय शिकली थे, सांगू? खोटं बोलाले शिकली. मांगच्या साली म्हणे, हिरीपाशी बिबट्या पायला. सारी गल्ली काठ्या घेऊन धावली. थो निंगाला भागवताचा कुत्रा! आजवर मले बाया हासतात. नळावर गेली का इचारतात, पंचफुला, तुह्या बिबट्याचं जेवन झालं का?”

मला हसू आलं. ती नाही हसली.

“पोरीला कल्पना सुचतात, पंचफुला. ते वाईट नाही.”

“तुमाले वाईट नाही. तुमची पगार सुरू हाये.” मग तिलाच ते जास्त झाल्यासारखं वाटलं. शेंगांची टोपली बाजूला सारून म्हणाली, “आता कापूस सरतच आला. होळीपासून पाठवतो. पन एक आयका बाई. पुन्हा जर का हिनं काही रचलं अन् मले लोकायनं हासलं, तं हात धरून वावरात नेईन. मंग तुम्ही नाही, तुमचा साहेब आला तरी पाठवनार नाही.”

गुंफा दाराच्या आड उभी राहून ऐकत होती. मी उठले तेव्हा ती माझ्यामागे आवाराच्या टोकापर्यंत आली आणि म्हणाली, “बाई, मी नाई रचनार आता काही.”

होळी झाली आणि ती आली. ती आली त्याच दिवशी पुस्तक संपलं. दारापाशी, पहिलीच्या पोरांच्या मागे जागा मिळाली तिथे बसली. मागचं काहीच तिनं ऐकलेलं नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच, की बाईंच्या हातात सुटे कागद आहेत, आपला नामा पुरात गेला असं बाई वाचून सांगतात, आणि बाईंना रडू आवरत नाही. पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं. मी शाळा बंद केली, खोलीवर आले आणि पाय न धुताच खाटेवर बसून राहिले.

दिवस मावळायला आला होता. चूल पेटवायची म्हणून उठले, काडेपेटी हातात घेतली, तेवढ्यात दारात पावलं वाजली. डोक्यावर पदर घेऊन तीन बाया आत आल्या. पुढे पंचफुला, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. तिच्यामागे प्रल्हादची आई वच्छला. आणि वच्छलेच्या खांद्याला धरून तिची सासू, रुक्मा बुढी, जिला नीट दिसत नसे. सगळ्यांच्या शेवटी पाण्याचा तांब्या घेऊन गुंफा.

पंचफुलानं माझ्या हातातली काडेपेटी काढून घेतली आणि कोनाड्यात ठेवून दिली. तिघी भिंतीला टेकून बसल्या. रुक्मा बुढीनं चाचपडत माझा हात धरला आणि एकदम सूर लावला, “माय व माय! एकटी पडली व मायी बाई!”

मला वाटलं, गावात कोणीतरी गेलं.

“कोण गेलं, आजी? काय झालं?”

बुढी थांबली. सुनेकडे तोंड करून म्हणाली, “डोक्यावर परिनाम झाला व वच्छले.”

“बाई, असं मनात ठिऊ नका,” वच्छला म्हणाली. “आमाले सारं समजलं. पंचफुलाच्या पोरीनं येऊन सांगतलं. मले तं खरं नाही वाटलं, पोट्टी कशी हाये ते मालूम हाये. मंग म्या आमच्या प्रल्हादले इचारलं, का रे, खरं हाये का? तर थो बी रडून राह्यला. म्हणे, हो माय, नामा गेला. देवकाच्या घरी गेली तं थे बी जेवत नोयती. म्हणे, नामा गेला.”

“पुराच्या पान्यानं जानं म्हंजे लय वाईट,” रुक्मा बुढी म्हणाली. “मातीही हाती लागत नाही. धाकला भाऊ होता का मोठा?”

मी गुंफाकडे पाहिलं. ती चौकटीला टेकून उभी होती, तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरून. तिच्या चेहऱ्यावर जरासुद्धा खोटेपणा नव्हता. माझ्या दुःखात ती पुरी बुडालेली होती.

पंचफुलानं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, झुणका, कांदा. “मी वावरातून आली अन् हिनं सांगतलं. तशीच चुलीपाशी बसली. आज तुमच्या घरी चूल पेटवाची नाही, बाई. कडू घास हाये. नाही म्हनू नये.”

दुःखाच्या घरी शेजारच्यांनी शिजवून आणायचं, बसून खाऊ घालायचं, ही त्या गावची रीत. तो कडू घास. दिवसभर उन्हात वाकून आलेल्या बाईनं स्वतःच्या पोटात काही घालायच्या आधी माझ्यासाठी भाकर थापली होती. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. ‘धाकटा’ एवढा एक शब्द पुरला असता. पण सकाळी प्रल्हादच्या तोंडून सगळं बाहेर येणारच होतं, आणि मग गुंफाचं काय व्हायचं ते मला दिसत होतं. शिवाय मेलेल्याच्या नावाचा घास मी लबाडीनं खाल्ला असता तर पुन्हा त्या पोरीसमोर उभं कसं राहायचं?

“पंचफुला,” मी म्हटलं, “नामा माझा भाऊ नाही.”

“मंग? चुलतभाऊ का?”

“कोणीच नाही. तो पुस्तकातला आहे.”

“कोन्त्या गावचा?” रुक्मा बुढीनं विचारलं.

“पुस्तकातला, आजी. गोष्टीतला. मी पोरांना गोष्ट वाचून दाखवत होते. तिच्यात एक नावाडी असतो, तो शेवटी बुडतो.”

वच्छलेनं माझ्याकडे, मग गुंफाकडे पाहिलं.

“म्हंजे मेला नाही?” बुढी म्हणाली.

“मेला. पण गोष्टीत.”

वच्छलेनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. मग तिला आवरेना. “व माय! आंधी बिबट्या झाला, आता बाईचा भाऊ! अन् मी येताना साऱ्या नळावर सांगत आली! पंचफुला, तुही पोट्टी म्हंजे...”

पंचफुलाचा चेहरा काळा पडला. तिनं भाकरीवर फडकं टाकलं, उठली आणि गुंफाचं मनगट धरलं. तांब्यातलं पाणी हिंदकळून जमिनीवर सांडलं.

“चाल घरी.”

“पंचफुला, तिची चूक नाही. ती आजच आली, तिला काय माहीत...”

“बाई, तुम्ही बोलू नका. मी तुमाले आंधीच सांगतलं होतं. सकाऊनपासून वावरात.”

“माय, मी नाई रचलं,” गुंफा म्हणाली. ती रडत नव्हती, मनगट सोडवूनही घेत नव्हती. “बाई खरंच रडत होत्या.”

“गोष्ट आयकून कोनी असं रडते का व?”

“रडत होत्या. आजी मेली तवा तू रडली होती न्हानीत, पानी सोडून, तशा.”

पंचफुलाचा हात ढिला पडला नाही, पण ती थांबली. वच्छलेचं हसूही थांबलं.

मग पंचफुलानं माझ्याकडे पाहिलं. नीट, बराच वेळ. मी ज्या नजरेनं पोरांच्या पाट्या तपासायची, त्याच नजरेनं.

“बाई,” ती म्हणाली, “तुमचं कोनी गेलं का?”

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. तीन महिने तेच म्हणत आले होते, कोणी न विचारताच.

“माझी मोठी बहीण,” मी म्हटलं. “वेणूताई. पौषात गेली.”

“कारंज्याची?”

“हो. तिच्याकडेच जात होते दर शनिवारी. तिनंच मला वाढवलं. आमची आई मी लहान असतानाच गेली.”

“अन् तुम्ही सांगतलं नाही कोनालेच?”

काय सांगायचं होतं? निरोप आला त्या दिवशी शाळेत मी एकटीच. पोरांना घरी पाठवून मी गाडी गाठली, पोचले तोवर माणसं स्मशानातून परत आली होती. घर तिच्या सासरचं. नवरा, दीर, जावा, मुलं, नातेवाईक, पाय ठेवायला जागा नाही. सगळे म्हणत होते, फार सोसलं, सुटली, सोनं झालं. मलाही ते पटत होतं. तिच्या कळा मी पाहिल्या होत्या. मी पदर खोचला आणि चहा टाकायला बसले. कोणीतरी ते करायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून डबे आले, पानं मांडली गेली. तिसऱ्या दिवशी मी परत आले आणि फळ्यावर तारीख लिहिली.

एवढं सगळं मी बोलले नाही. पण थोडं बोलले असेन, कारण रुक्मा बुढीनं मध्येच विचारलं, “घास आला असंन न तिकडे?”

“आला आजी. तो घरच्यांसाठी. मी वाढायला होते.”

बुढी ‘हं’ म्हणाली. मग पुन्हा एकदा ‘हं’ म्हणाली.

“म्हंजे तुमाले कोनी घातलाच नाही?” पंचफुलानं विचारलं.

“नाही.”

पंचफुलानं गुंफाचं मनगट सोडलं. वच्छलेकडे वळून म्हणाली, “हास आता. हास न. पोट्टी खोटं कुठं बोलली?”

“म्या काय म्हटलं?” वच्छला पुटपुटली. पदरानं जमिनीवर सांडलेलं पाणी पुसायला लागली. “मले काय मालूम बाप्पा. बाईनं सांगाले पायजे न.”

“तिनं सांगाले पायजे? तीन महिने झाले, आपुन तिच्या घरापुढून पानी भरतो. कोनं इचारलं? पोट्टीले दिसलं अन् आपल्याले नाही दिसलं.”

ती पुन्हा खाली बसली, माझ्या अगदी समोर. फडकं उलगडलं. मी भाकरीला हात घालणार तर रुक्मा बुढीनं माझ्या मनगटावर चापट मारली. “आपल्या हातानं नाही खात पयला घास. पंचफुले, तू घाल.”

पंचफुलानं भाकर मोडली, झुणक्याला लावली. दिवसभर वावरात राबलेला तिचा हात काळ्या मातीनं भेगाळलेला होता. “काय नाव सांगतलं बहिनीचं?”

“वेणू.”

“वेणूबाईच्या नावानं,” ती म्हणाली आणि घास माझ्या तोंडात दिला.

झुणका कडू नव्हता. मीठ जरा जास्त झालं होतं, घाईत केलेला असावा. मला वाटलं होतं, आता पुन्हा रडू येईल. नाही आलं. भूक आली. पौषापासून जेवणाच्या वेळी मी पानाशी बसत होते, पण भूक लागली होती असं काही मला आठवत नव्हतं. दुसरा घास वच्छलेनं दिला, तिसरा बुढीनं चाचपडत माझ्या गालाला लावला आणि सगळ्या थोड्या हसल्या. मग मी माझ्या हातानं खाऊ लागले. त्या तिघी काही बोलत नव्हत्या, नुसत्या बसून होत्या. मी सगळी भाकर संपवली. फडक्यावरचे तुकडे वेचून खाल्ले.

“गुंफे, पानी दे बाईले,” पंचफुला म्हणाली.

गुंफानं तांब्या पुढे केला. मी पाणी प्याले. ती तिथेच माझ्या गुडघ्याशी बसली.

“सकाऊन येईन ही शाळेत,” पंचफुला माझ्याकडे न बघता, फडक्याची घडी घालत म्हणाली. “पन बाई, आता दुसरं वाचा काही. हासायचं असंन असं. पोरायले जेवू द्या.”

“वाचते,” मी म्हटलं.

बाया उठल्या. बुढीला उठवायला दोघी लागल्या. गुंफा मात्र बसूनच होती. तिला काहीतरी विचारायचं होतं. वर्गात ती प्रश्न विचारायच्या आधी अशीच नखानं जमीन उकरायची, आणि मी थांबायची. तेव्हाही थांबले.

“बाई,” ती हळू आवाजात म्हणाली, “नामाले पोह्यता येत नोयतं का?”

“येत होतं की. फार चांगलं येत होतं.”

“मंग? मंग कसा बुडला?”

पंचफुला दारात थांबली होती. तीही उत्तराची वाट बघत असावी.

“सकाळपासून लोकांना अलीकडे आणत होता गं,” मी म्हटलं. “दमला होता.”

गुंफानं मान हलवली. हे तिला पटलं. कापसाच्या वावरात महिनोन्‌महिने वाकलेली पोर ती, दमणं म्हणजे काय ते तिला नव्यानं सांगावं लागत नव्हतं.

“गुंफे, ऊठ,” पंचफुला म्हणाली. “बाईले निजू दे.”

त्या गेल्या. मी खाटेवर आडवी झाले. बाहेर अजून थोडा उजेड होता आणि नळावर बाया बोलत होत्या. वच्छलेचा आवाज मला ओळखू आला. ती कोणाला तरी सांगत होती, “भाऊ नाही व, बहीन. बाईची बहीन गेली.”